ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा स्क्रू किती आवळायचा? टर्बो पेट्रोल गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

बाहेरून आणलेला, डोक्यावर स्क्रू असलेला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह ज्यांनी बसवला आहे किंवा बसवायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. गाडीच्या कंपनीचा मूळ व्हॉल्व्ह असलेल्यांनी चौथा प्रश्न आधी वाचावा. बहुतेकांचं काम तिथेच संपेल.

१. हा व्हॉल्व्ह नक्की करतो काय?

टर्बो हवा दाबून इंटरकूलरमधून थ्रॉटलकडे पाठवत असतो. तुम्ही गिअर बदलायला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची झडप फटकन बंद होते, पण टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे मारत असतं. ते काही त्याच क्षणी थांबत नाही. दाबलेल्या हवेला पुढे वाट नाही, म्हणून ती उलटी फिरून कॉम्प्रेसरच्या पात्यांवर येते. घरातला नळ एकदम बंद केल्यावर भिंतीतला पाइप ठोठावतो, तसाच हा प्रकार. यालाच सर्ज म्हणतात. सर्ज होतो तेव्हा चाकाचा वेग पडतो, पुढच्या गिअरला बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, उशिरा येतो आणि टर्बोच्या थ्रस्ट बेअरिंगला पुढे-मागे हिसके बसतात.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधल्या पाइपवर बसतो आणि नेमकी तेवढ्या क्षणापुरती वाट उघडून देतो. त्याच्या आत एक पिस्टन किंवा रबरी पडदा असतो, त्यावर स्प्रिंग असते, आणि वरच्या कप्प्यात इन्टेक मॅनिफोल्डवरून, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावरून, एक बारीक नळी येते. ॲडजस्टमेंटचा सगळा खेळ या स्प्रिंगचा आणि या नळीचा.

२. हवेत सोडणारा चांगला की परत फिरवणारा?

रोजच्या गाडीला परत फिरवणारा. तो सोडलेली हवा टर्बोच्या तोंडाशी, एअर फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये परत नेतो. याला बायपास किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह असंही म्हणतात. हवेत सोडणारा ती बॉनेटखाली बाहेर फेकतो, म्हणून तो फुस्स आवाज.

निवड आवडीची वाटली तरी खरं उत्तर तुमच्या गाडीत हवा कशी मोजतात यावर आहे. एअर फिल्टरजवळ आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल, तर ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, ती हवा मोजून तिच्या हिशेबाने पेट्रोल ठरवून टाकलेलं असतं. मोजलेली हवा तुम्ही मध्येच बाहेर सोडली, की पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी. मग मिश्रण घट्ट होतं, सायलेन्सरमधून काळा धूर आणि फटाके, आणि सिग्नलला येताना इंजिन गचके खाऊन बंद. ज्या गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजून, म्हणजे मॅप सेन्सरवर चालतात, त्यांना हवेत सोडणारा व्हॉल्व्ह बराचसा खपतो.

तिसरा प्रकार दोन तोंडांचा. थोडी हवा परत, थोडी बाहेर. ऑस्ट्रेलियाच्या टर्बोस्मार्ट आणि जीएफबी या दोघांकडे असे व्हॉल्व्ह आहेत. आवाजाची हौस आणि एमएएफ सेन्सर दोन्ही सांभाळायचे असतील, तर हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मधला मार्ग.

३. माझी गाडी डिझेल आहे. बसवता येईल ना?

बसवता येईल, उपयोग शून्य. पेट्रोल इंजिनासारखी, पाय काढला की हवेची वाट बंद करणारी झडप डिझेलला त्या कामासाठी नसते. तिथे ताकद डिझेल कमी-जास्त करून ठरते. हवा अडतच नाही, तर सोडायची कशाला? डिझेलसाठी म्हणून जे किट विकतात, त्यात पेडलच्या इशाऱ्यावर चालणारा विजेचा व्हॉल्व्ह असतो आणि तो निव्वळ आवाजासाठी भरलेला बूस्ट बाहेर सांडतो. आपल्याकडे अनेक वर्षं टर्बो म्हटलं की डिझेलच डोळ्यांसमोर यायचं, म्हणून हा प्रश्न संपत नाही.

४. कंपनीच्या व्हॉल्व्हला स्क्रूच दिसत नाही. कुठून ॲडजस्ट करायचा?

कुठूनच नाही. मूळ व्हॉल्व्ह ठरावीक स्प्रिंगचा, बंद डबीसारखा असतो. स्कोडाच्या पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसमधल्या १.८ टी इंजिनावर बॉशचा रबरी पडद्याचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह आहे: पडदा फाटला की अख्खा व्हॉल्व्ह बदला. नंतरच्या १.८ टीएसआय आणि २.० टीएसआय इंजिनांत तर व्हॉल्व्ह थेट टर्बोच्या अंगावर बसवलेला आणि विजेवर चालणारा आहे. कधी उघडायचं ते ईसीयू ठरवतो. त्याला स्क्रूने शिकवण्यासारखं काही नाही.

या विजेच्या व्हॉल्व्हखाली घालायची एक चकती ऑनलाइन मिळते, जी हवा बाहेर वळवते. ती आवाजाची चकती आहे. ॲडजस्टमेंटशी तिचा संबंध नाही.

५. रीमॅप करून, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून, बूस्ट वाढवला. आता स्प्रिंग कडक करायला हवी ना?

नाही. हाच सर्वांत मोठा गैरसमज आहे आणि गॅरेजमध्येही तो सर्रास ऐकू येतो: बूस्ट जास्त, मग स्प्रिंग जास्त आवळा. जरा हिशेब मांडून बघू.

धरा की पिस्टनचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर आहे, वरून आणि खालूनही. पूर्ण थ्रॉटलवर १ बार बूस्ट आहे (१ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो). खालून पाइपमधला १ बार पिस्टनला उचलतोय, पण वरच्या कप्प्यात नळीने मॅनिफोल्डमधलाही जवळपास १ बारच आलेला आहे आणि तो पिस्टनला खाली दाबतोय. दोन्ही फिटले. उघडलेल्या थ्रॉटलमधून जाताना दाब थोडा पडतो, समजा ०.०५ बार, म्हणजे उचलणारा जोर साधारण अर्धा किलो. बूस्ट १ ऐवजी दीड बार केला तरी दीड खाली आणि दीड वर. स्प्रिंगला त्याचं काही सोयरसुतक नाही.

आता गाडी आयडलला, म्हणजे इंजिन चालू आणि ॲक्सिलरेटरवर पाय नाही अशी, उभी आहे असं धरा. थ्रॉटल जवळजवळ बंद, मॅनिफोल्डमध्ये २० इंच पारा इतका व्हॅक्यूम, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ०.६८ बार कमी दाब. तो वरच्या कप्प्यातून पिस्टनला वर ओढतो. ०.६८ गुणिले १० म्हणजे जवळपास ७ किलो. आयडलला व्हॉल्व्ह बंद राहायला हवा असेल, तर स्प्रिंगने या ७ किलोपेक्षा थोडा जास्त जोर लावला पाहिजे. स्प्रिंगचा खरा प्रतिस्पर्धी हा आहे: आयडलचा व्हॅक्यूम. म्हणूनच टायलसारखे उत्पादक स्प्रिंग विकताना तुमचा बूस्ट विचारत नाहीत, इंजिनाचा आयडलचा व्हॅक्यूम विचारतात.

मग १ बार बूस्टवरून पाय काढला की काय होतं? खाली १ बार, वर काही क्षणांत उणे ०.६, फरक १.६ बार, उचलणारा जोर १६ किलो. सात-आठ किलोची स्प्रिंग त्याला सहज वाट देते. पण बाजारातून रमतगमत जाताना ०.२ बार बूस्ट असताना पाय अर्धाच उचलला, तर खाली ०.२, वर उणे ०.३. जोर फक्त ५ किलो, आणि व्हॉल्व्ह बंदच. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, नवव्या प्रश्नात लागेल.

६. काय काय हाताशी हवं?

व्हॅक्यूम आणि बूस्ट दोन्ही दाखवणारा गेज, त्याच्या नळीसाठी टी-जोड, व्हॉल्व्हच्या स्क्रूला बसणारी एलन की, लॉकनटसाठी पाना, आणि मार्कर पेन. मार्कर विसरू नका. मूळ जागेची खूण केली नाही, तर परतीचा रस्ता हरवतो. गेज नसेल तर निदान ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचा, स्कॅनर, ज्यात मॅनिफोल्डचा दाब दिसेल. तो बहुतेक वेळा निरपेक्ष दाब किलोपास्कलमध्ये दाखवतो: आयडलला ३० ते ४०च्या आसपास. मुंबईत वातावरणाचा दाब १०१ धरला, तर ३४ म्हणजे ६७ किलोपास्कल व्हॅक्यूम, गेजवर साधारण २० इंच.

७. स्टेप बाय स्टेप सांगा.

आधी हे तपासा की ॲडजस्ट करण्यासारखं काही आहे का. नळी कुठेही फुटलेली नसावी, क्लॅम्प घट्ट असावेत, व्हॉल्व्हच्या फ्लँजखालची ओ-रिंग जागेवर असावी. गळक्या पाइपवर स्क्रू फिरवण्यात दुपार जाते आणि हाती काही लागत नाही.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. थंड इंजिनाचं आयडल वर असतं, ते खरं नव्हे. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झाला की सुरुवात करा. एसी, हेडलाइट, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं बंद. एसी चालू असला की इंजिनावर भार येतो, थ्रॉटल किंचित उघडतो आणि व्हॅक्यूम कमी होतो. आपल्याला सर्वांत खोल व्हॅक्यूमवर परीक्षा घ्यायची आहे. गेजवरचा आकडा कागदावर लिहा. धडधाकट इंजिन समुद्रसपाटीला साधारण १८ ते २२ इंच देतं. १४-१५ दिसत असेल तर व्हॉल्व्ह बाजूला ठेवा आणि व्हॅक्यूम कुठे गळतोय ते शोधा. तीव्र कॅम (झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा दांडा) घातलेली इंजिनं अपवाद, त्यांचा व्हॅक्यूम मुळातच कमी.

आता हवेत सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर लॉकनट ढिला करून स्क्रू मऊ बाजूला सोडत न्या, एका वेळी अर्धा आटा, व्हॉल्व्ह आयडललाच उघडेपर्यंत. उघडला हे कसं कळतं? तोंडाजवळ पातळ कागदाची पट्टी धरा, ती आत ओढली जाते. एमएएफ सेन्सर असेल तर आयडलही डगमगायला लागतं. तिथून उलट, कडक बाजूला पाव-पाव आटा फिरवत या. पट्टी स्थिर झाली, आयडल बसलं, की आणखी पाव ते अर्धा आटा द्या आणि थांबा. दोन-तीन वेळा हलकी रेस करून सोडा, पुन्हा पट्टी बघा. मग लॉकनट आवळा. तो आवळताना स्क्रूही सोबत फिरतो, तेव्हा एलन की धरून ठेवा.

परत फिरवणाऱ्या व्हॉल्व्हला इतकी खटपट नाही. तो आयडलला थोडा उघडा राहिला तरी हवा त्याच मोजलेल्या चक्रात फिरते, बिघडत काही नाही. मूळ व्हॉल्व्हसुद्धा बरेचदा आयडलला उघडेच असतात. त्याची स्प्रिंग निःसंकोच मऊ ठेवा. फक्त पूर्ण बूस्टला गळत नाही एवढं बघा.

हात मात्र जपून. पंखा कधीही सुरू होतो आणि टर्बोच्या एक्झॉस्ट बाजूला चुकून टेकलेलं मनगट महिनाभर आठवण देतं.

८. कुठल्या दिशेला फिरवलं की कडक होतं?

बहुतेकांत घड्याळाच्या दिशेला. खात्री नसेल तर व्हॉल्व्ह काढून हाताने पिस्टन दाबून बघा.

९. पाय सोडला की "टुटुटुटु" येतं. स्क्रू चुकलाय का?

कधी येतं ते सांगा, मग उत्तर सांगतो.

कमी बूस्टवर, हळू चालवताना, पाय हलकेच उचलल्यावर येत असेल, तर तो पाचव्या प्रश्नातला ५ किलोचा हिशेब आहे. हवेत सोडणारा व्हॉल्व्ह आयडलला बंद ठेवायचा म्हणून ७ किलोवर बसवला, तर ५ किलोला तो उघडणार नाही आणि थोडी हवा उलटी फडफडणारच. एवढ्या कमी दाबाला त्याने टर्बोचं फारसं काही बिघडत नाही. पाव आटा मऊ करून बघा. आयडल टिकलं तर उत्तम, नाही टिकलं तर ही फडफड स्वीकारा किंवा परत फिरवणारा व्हॉल्व्ह घ्या. दोन्ही सुखं एका स्प्रिंगमध्ये मिळत नाहीत.

पूर्ण बूस्टवरून पाय काढल्यावरही फडफड येत असेल, तर ते दुखणं आहे. स्प्रिंग फारच कडक आहे, किंवा वरच्या कप्प्याची नळी बारीक, लांब, चेपलेली किंवा चुकीच्या जागी जोडलेली आहे, किंवा टर्बोच्या मानाने व्हॉल्व्ह लहान आहे. हा आवाज ऐकून खूश होणारे पुष्कळ आहेत. काही जण मुद्दाम स्क्रू पूर्ण आवळून तो काढतात. त्यांनी टर्बो दुरुस्त करणाऱ्याचा फोन नंबरही जवळ ठेवावा.

१०. व्हॉल्व्ह बसवल्यापासून आयडल वरखाली होतं आणि क्लच दाबून सिग्नलला येताना गाडी बंद पडते.

दोन वेगळी कारणं आहेत आणि लोक ती एकत्र करतात.

उभ्या गाडीचं आयडल डोलत असेल तर व्हॉल्व्ह आयडलला उघडा आहे आणि न मोजलेली हवा आत घेतोय. सातव्या प्रश्नातली पट्टीची परीक्षा करा, स्क्रू पाव-पाव आटा आवळा. यात आणखी एक धोका आहे, ज्याकडे कोणी बघत नाही: ती हवा फिल्टरमधून आलेली नसते. बॉनेटखालची धूळ सरळ इंजिनात जाते. उसाच्या ट्रॅक्टरमागून फुफाट्याच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

उभ्या गाडीत ठीक, पण बूस्टवरून पाय काढून थांबताना बंद पडते, तर दोष दुसऱ्या प्रश्नातल्या एमएएफ सेन्सरच्या हिशेबाचा. व्हॉल्व्ह आपलं काम चोख करतोय, म्हणूनच गाडी बंद पडतेय. स्क्रू कितीही फिरवा, हे जाणार नाही. सोडलेल्या हवेची नळी परत इन्टेकला जोडा.

११. मुंबईत सेट केला होता. महाबळेश्वरला वागणूक बदलली. का?

उंचीमुळे. दर ३०० मीटर चढाईला गेजवरचा आयडल व्हॅक्यूम साधारण १ इंचाने घटतो. इंजिनाला आयडलला लागणारी हवा तेवढीच, पण बाहेरचा दाबच कमी, म्हणून दोघांमधला फरक आकसतो. मुंबईत २० इंच दाखवणारी गाडी सुमारे ५६० मीटरवरच्या पुण्यात १८ दाखवेल आणि सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला १५-१६.

मुंबईचा सेटिंग वर नेला तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक ठरते: आयडल छान, पण हलक्या बूस्टवर फडफड वाढते. उलटा प्रवास जास्त त्रासाचा. पुण्यात अगदी काठावर, १८ इंचाला जेमतेम बंद राहील असा बसवलेला व्हॉल्व्ह बोरघाट उतरून पनवेलला पोचेपर्यंत आयडलला श्वास घेऊ लागतो. गाडी घाटाच्या वर-खाली नेहमी जात असेल, तर ॲडजस्टमेंट खालच्या गावी करा. घाटावर करणं भागच असेल तर व्हॉल्व्ह बंद झाल्यानंतर पावऐवजी पूर्ण आटा द्या, आणि खाली उतरल्यावर पट्टी लावून बघा.

घाट उतरताना गिअरमध्ये पाय सोडला की व्हॅक्यूम आयडलपेक्षाही खोल जातो आणि व्हॉल्व्ह किंचित उघडतो. ते स्वाभाविक आहे, त्यासाठी स्प्रिंग आवळू नका. हवेत सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाला छोटा फिल्टर मिळतो; तो लावा, धूळ तरी अडेल.

१२. नवा व्हॉल्व्ह लावल्यावर बूस्ट कमी येतो. स्क्रू आवळत आवळत शेवटपर्यंत नेला, तरी फरक नाही.

फरक पडणारच नव्हता, पाचवा प्रश्न. स्क्रू मार्करच्या मूळ खुणेवर परत आणा, कारण शेवटपर्यंत आवळलेली स्प्रिंग वेटोळ्याला वेटोळं टेकून बसते आणि पिस्टनला उठायला जागाच राहत नाही.

बूस्ट गळतोय तर वाट शोधा. पहिला संशय वरच्या नळीवर. ती निसटली किंवा फाटली, तर गणित मोडतं. निसटली तर वरून दाबणारा बूस्टच येत नाही आणि खालचा १ बार ७ किलोच्या स्प्रिंगला सहज उचलतो. दुसरा संशय पडद्यावर. हातपंपाने वरच्या कप्प्याला आयडलच्या आकड्यापेक्षा थोडा जास्त व्हॅक्यूम द्या: पिस्टन उचलला गेला पाहिजे आणि काटा मिनिटभर हलता कामा नये. काटा घसरला तर पडदा फाटलाय किंवा पिस्टनचं सील गेलंय. तिसरा, फ्लँज वाकडा बसलाय. मोठ्या व्हॉल्व्हचं वजन प्लॅस्टिकच्या पाइपवर टांगलेलं असेल तर हे हमखास.

टर्बोच्या तोंडाशी टोपी लावून कॉम्प्रेसरने हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघायचे, ही जुनी आणि उत्तम परीक्षा. अर्ध्या बारपर्यंत बहुतेक गळती कळते. उगाच जास्त भरू नका. मात्र परत फिरवणारा व्हॉल्व्ह गळत असेल तर या परीक्षेत तो पकडला जात नाही, कारण त्याची गळकी हवा पुन्हा त्याच बंद पाइपमध्ये येते. त्याची परतीची नळी सोडून, पाइपकडचं तोंड बुजवून परीक्षा घ्या.

१३. वरची नळी कुठून घ्यायची?

थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवरून, थेट. लांबी जितकी कमी तितकी बरी, आतला व्यास ४ ते ६ मिलिमीटर, आणि तिच्यावर दुसरं गिऱ्हाईक नको. पेट्रोल रेग्युलेटर, बूस्ट गेज आणि व्हॉल्व्ह तिघे एकाच नळीवर असतील, तर व्हॉल्व्हला निरोप उशिरा पोचतो. ब्रेक बूस्टरच्या नळीत एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, त्याच्या पलीकडून कधीही जोडू नका. व्हॅक्यूम अडकून राहील आणि पिस्टन बूस्टमध्येही उघडाच. सिलिकॉनची नळी स्वस्तातली, पातळ असेल तर गरम झाल्यावर व्हॅक्यूमने चेपते. जाड भिंतीची घ्या.

जुन्या ऑक्टाव्हिया १.८ टीवाल्यांसाठी: मूळ व्यवस्थेत या नळीवर एन२४९ नावाचा विजेचा व्हॉल्व्ह असतो. बाहेरचा डायव्हर्टर बसवताना अनेक जण तो वगळून मॅनिफोल्डवरून थेट नळी नेतात. नेली तरी त्याचा विजेचा प्लग जोडलेला ठेवा, नाहीतर चेक इंजिनचा दिवा लागेल.

१४. सगळ्यांनाच स्क्रू असतो का?

नाही. एचकेएस कंपनीच्या सुपर एसक्यूव्ही व्हॉल्व्हला स्प्रिंग आवळायचा स्क्रूच नाही, तो तसाच बसवायचा. टायलमध्ये स्क्रूऐवजी स्प्रिंग बदलतात. ग्रेडीच्या टाइप आरएसला स्क्रू आहे. हुबेहूब दिसणाऱ्या नकली मालात मात्र स्क्रू असूनही स्प्रिंग कुठल्या ताकदीची आहे हे देवच जाणे. दोन आट्यांत सगळा खेळ संपतो. अशा व्हॉल्व्हवर सातव्या प्रश्नाची पद्धत जमली नाही तर दोष तुमचा नाही.

१५. आवाज मोठा हवाय. स्क्रू कुठे ठेवू?

आवाज ठरतो बूस्टवर, व्हॉल्व्हच्या तोंडाच्या आकारावर आणि तुम्ही पाय किती झटक्यात काढता त्यावर. स्क्रू मऊ केला तर आवाज लांबतो, कडक केला तर तुटक होतो. मोठा होत नाही.

१६. साफसफाई?

पिस्टनचा व्हॉल्व्ह वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, उघडा. क्रँककेसच्या वाफेतलं तेल आणि बारीक धूळ मिळून आत काळा चिकटा जमतो आणि पिस्टन अडकतो. स्वच्छ पुसून, उत्पादकाने सांगितलं असेल ते हलकं वंगण बोटाने लावा. रबरी पडद्याच्या व्हॉल्व्हमध्ये कसलाही स्प्रे किंवा पेट्रोल नको, रबर फुगतं. साफ केल्यावर स्क्रूची खूण जुळवा आणि आयडलची परीक्षा पुन्हा घ्या.

१७. पोलीस, आरटीओ, वॉरंटी?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या, उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत बदल चालणार नाही अशीच भूमिका घेतली. शिवाय आवाज आणि धुराच्या मर्यादा ओलांडल्या तर कलम १९० आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बॉनेटखालचा परत फिरवणारा व्हॉल्व्ह कोणाच्या कानावर येत नाही. हवेत सोडणारा चौकात स्वतःच ओरडून सांगतो. वॉरंटीतल्या गाडीचा टर्बो गेला, तर सर्व्हिस सेंटरवाले बॉनेट उघडून पहिली नजर याच व्हॉल्व्हवर टाकतात. तेव्हा मूळ व्हॉल्व्ह, त्याचे क्लॅम्प आणि नळी पिशवीत घालून जपून ठेवा. गाडी विकतानाही तोच भाव देतो.